लोक काय टाइप करतात ते आधी वाचा: छोट्या व्यवसायासाठी सर्च जाहिराती

ऐन कामाच्या वेळी ऑफिसातला प्रिंटर बंद पडतो. कुणीतरी फोन काढतो आणि गुगलवर टाइप करतो, ‘प्रिंटर दुरुस्ती आज’. निकालांच्या वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेल्या दोन-चार जाहिराती दिसतात. त्यातली एक तो उघडतो, नंबर दाबतो, बोलणं होतं. संध्याकाळपर्यंत प्रिंटर चालू.

सर्च जाहिरातीचं सगळं बळ एवढ्या प्रसंगात आहे. फलकावरची किंवा सोशल मीडियावरची जाहिरात माणसाला त्याच्या नादातून बाहेर ओढते आणि ‘जरा इकडे बघा’ म्हणते. इथे माणूस स्वतःच आपली गरज लिहून सांगतो. आपण त्या वेळी तिथे हजर असायचं, इतकंच. म्हणून मोजक्या पैशांत चालणाऱ्या व्यवसायालाही ही जाहिरात परवडू शकते. पण समोरच्यानं नेमकं काय लिहिलं याकडे लक्ष न देता ती चालवली, तर हेच पैसे बघता बघता संपतात आणि हाती काही लागत नाही.

प्रिंटर दुरुस्तीचंच उदाहरण पुढे वापरतो. व्यवसाय कुठलाही असला तरी विचार करायची रीत तीच राहते. लिहिलेलं मुख्यतः गुगल अ‍ॅड्सला धरून आहे. बिंगवर जाहिराती दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्येही बहुतेक गोष्टी तशाच चालतात. गुगलमध्ये तयार केलेलं कॅम्पेन तिथे थेट आयातही करता येतं.

प्रत्येक शोधाला एक लिलाव

शोधाच्या निकालांत बोली लावून जागा घ्यायची, ही कल्पना 1998 मध्ये गोटू डॉट कॉम या कंपनीनं रूढ केली. तिथला नियम सरळ होता: क्लिकमागे जो जास्त देईल तो वर. पुढे या कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि 2003 मध्ये याहूनं ती विकत घेतली. गुगलनं ऑक्टोबर 2000 मध्ये 350 जाहिरातदारांना घेऊन अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं. 2002 मध्ये गुगलनंही क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आणला, पण त्यात एक मोठा फरक केला. बोलीइतकंच महत्त्व जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात यालाही दिलं. अ‍ॅडवर्ड्सचं नाव 2018 मध्ये गुगल अ‍ॅड्स झालं, पण तो फरक अजून टिकून आहे आणि छोट्या व्यवसायाची आशा त्यावरच आहे.

कुणी काही शोधलं की त्या एका शोधापुरता, डोळ्याचं पातं लवायच्या आत, लिलाव होतो. तुमची बोली, जाहिरातीचा दर्जा, शोधणारा कुठे आहे, कोणत्या उपकरणावर आहे, त्यानं काय लिहिलंय, हे सगळं जमेस धरून प्रत्येक जाहिरातीचा क्रम ठरतो. त्याला अ‍ॅड रँक म्हणतात. खरं गणित बरंच गुंतागुंतीचं आहे, पण समजायला बोली गुणिले दर्जा एवढं धरू. तुमची बोली 10 आणि दर्जा 8, म्हणजे 80. दुसऱ्याची बोली 16 पण दर्जा 4, म्हणजे 64. बोली कमी असूनही तुम्ही वर. शिवाय तुम्हाला पूर्ण 10 द्यावे लागत नाहीत. खालच्याला मागे ठेवायला लागतील तेवढेच द्यायचे, म्हणजे 64 भागिले 8, साधारण 8.

दर्जा कसा आहे हे कळावं म्हणून प्रत्येक कीवर्डसमोर, म्हणजे तुम्ही जाहिरातीसाठी निवडलेल्या शब्दासमोर, 1 ते 10 मध्ये क्वालिटी स्कोअर दिसतो. तो तीन गोष्टींवरून काढतात: लोक क्लिक करतील याची अपेक्षा किती, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का. हा आकडा स्वतः लिलावात वापरला जात नाही, तो थर्मामीटरसारखा आहे. 3 दिसला तर कारण शोधा. पण 7 चा 9 करण्याच्या मागे लागून आठवडे घालवू नका. भलत्याच शब्दावर क्वालिटी स्कोअर 9 आणि त्यावरून वर्षभरात एकही गिऱ्हाईक नाही, असं होऊ शकतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जाहिरातीवर पैसे खर्च केले म्हणून जाहिरातीखालच्या नेहमीच्या निकालांत तुमची वेबसाइट वर येत नाही. त्या दोन यंत्रणा वेगळ्या आहेत.

तुम्ही घेता तो कीवर्ड, लोक लिहितात ते वेगळंच

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कीवर्ड म्हणजे तुम्ही खात्यात भरलेला शब्द. सर्च टर्म म्हणजे समोरच्यानं प्रत्यक्ष टाइप केलेला मजकूर. पैसे जातात ते सर्च टर्मसाठी. या दोन्हींमध्ये किती अंतर पडू द्यायचं, हे मॅच टाइप ठरवतो.

कीवर्ड नुसता लिहिला तर तो ब्रॉड मॅच. गुगलला जे जे त्याच्याशी संबंधित वाटेल त्या सगळ्यावर जाहिरात दिसू शकते, मग त्यात तुमचा शब्द असो वा नसो. अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज मॅच. शोधात तुमच्या कीवर्डचा अर्थ यायला हवा, पुढेमागे आणखी शब्द चालतील. चौकटी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट मॅच. नाव ‘एक्झॅक्ट’ असलं तरी 2018 पासून त्यात समानार्थी शोधही धरले जातात. ब्रॉडमध्ये शब्दांआधी अधिकचिन्ह लावून थोडा लगाम घालायची एक मधली सोय पूर्वी होती. 2021 मध्ये ती बंद करून फ्रेज मॅचमध्ये मिसळली. जुन्या व्हिडिओंत ती अजून शिकवलेली दिसते. तिकडे दुर्लक्ष करा.

आता समजा ‘प्रिंटर दुरुस्ती’ हा कीवर्ड ब्रॉडमध्ये टाकला आणि आठवड्यानं सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला. त्यात काय काय सापडू शकतं ते बघा. ‘जवळचा प्रिंटर मेकॅनिक’ हे तुमचं गिऱ्हाईक. ‘प्रिंटर दुरुस्ती कोर्स’ हा शिकायला निघालेला माणूस. ‘प्रिंटर मेकॅनिक नोकरी’ हा कामाच्या शोधात असलेला. ‘प्रिंटर ड्रायव्हर डाउनलोड’वाल्याला तुमची गरजच नाही. ‘प्रिंटर घरच्या घरी कसा दुरुस्त करावा’ लिहिणाऱ्यानं मेकॅनिक बोलवायचा नाही असं आधीच ठरवलंय. आणि सगळ्यात फसवा शोध म्हणजे प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरचा नंबर. हा माणूस घाईघाईत तुमचीच जाहिरात दाबतो, फोनही करतो, दोन मिनिटं बोलल्यावर ‘तुम्ही कंपनीचे नाही का?’ म्हणून ठेवून देतो. क्लिक झाला, कॉल झाला, आकड्यांत सगळं छान दिसतं, आणि काम मात्र शून्य.

म्हणून माझा आग्रह असा: सुरुवात फ्रेज आणि एक्झॅक्टनं करा. कीवर्ड शेकड्यानं भरू नका, दहा-पंधरा पुरेत, पण असे की ते लिहिणाऱ्याला आज काम करून हवंय हे वाचताच कळावं. ‘प्रिंटर’ एवढाच शब्द कधीच घेऊ नका. त्यात विकत घेणारे, तुलना करणारे, शाळेचा प्रकल्प लिहिणारे, सगळेच येतात. ‘ऑफिस प्रिंटर दुरुस्ती’, ‘लेसर प्रिंटर पेपर अडकतो दुरुस्ती’ असे लांब शब्द फार कमी लोक शोधतात, पण जे शोधतात त्यांना काय हवंय याबद्दल शंका उरत नाही.

सर्च टर्म्सचा रिपोर्ट पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी वाचा, नंतर आठवड्यातून एकदा. खर्चाच्या उतरत्या क्रमानं लावा आणि वरून खाली एकेक ओळ वाचत जा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे लिहिणारा माणूस मला फोन करून काय मागेल? उत्तर तुमच्या धंद्यात बसत नसेल, तर तो शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत जायला हवा. फार थोड्या लोकांनी केलेले शोध सप्टेंबर 2020 पासून या रिपोर्टमधून वगळले जातात, त्यामुळे खर्चाचा काही भाग कधीच उलगडत नाही. कीवर्ड जितके सैल, तितका हा न दिसणारा भाग जास्त त्रासदायक. सुरुवातीला लगाम आवळून धरायचं हेही एक कारण आहे.

निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे ‘या शब्दावर माझी जाहिरात दाखवू नका’ अशी सूचना. त्यातले काही पहिल्या दिवशीच टाकता येतात: नोकरी, पगार, कोर्स, क्लास, फुकट, डाउनलोड, पीडीएफ, सेकंडहँड, स्वतः. पण नेहमीचे कीवर्ड समानार्थी शब्दांपर्यंत आपसूक पसरतात तसे निगेटिव्ह पसरत नाहीत. ‘कोर्स’ अडवला तर ‘कोर्सेस’ आणि ‘ट्रेनिंग’ अडत नाहीत, तेही लिहावे लागतात. चुकीच्या स्पेलिंगपुरती ही अडचण 2024 पासून कमी झाली आहे, अनेकवचनासाठी आणि समानार्थी शब्दांसाठी अजून आहे. शिवाय लोक एकच गोष्ट मराठीत लिहितात, मराठीच रोमन अक्षरांत लिहितात आणि इंग्रजीतही लिहितात. तुमची यादी तिन्ही रूपांत हवी.

दोन शब्दांचा निगेटिव्ह साधा, म्हणजे ब्रॉडमध्ये, टाकला तर दोन्ही शब्द शोधात असले तरच तो लागू होतो. त्यामुळे ‘प्रिंटर कोर्स’पेक्षा नुसता ‘कोर्स’ जास्त काम करतो. उलट, एकशब्दी निगेटिव्ह नको तितकं कापूही शकतो. तुम्ही तपासणी फुकट करून देत असाल आणि ‘फुकट’ अडवला असेल, तर ‘प्रिंटर फुकट तपासणी’ लिहिणारं चांगलं गिऱ्हाईक तुम्हीच परत पाठवलं.

आधीच टिक केलेल्या चौकटी

कॅम्पेन तयार करताना काही पर्याय बहुधा आधीच निवडलेले असतात. ते चुकीचेच असतात असं नाही, पण मोठ्या बजेटला जे चालतं ते छोट्या बजेटला झेपत नाही.

सर्च कॅम्पेनमध्येच डिस्प्ले नेटवर्कची चौकट असते. ती तशीच राहिली तर उरलेल्या बजेटमधून तुमची जाहिरात इतर वेबसाइटवर, अ‍ॅपमध्ये दिसू लागते, जिथे कुणी काही शोधलेलंच नसतं. ती काढा. सर्च पार्टनर्सची, म्हणजे गुगलचा शोध वापरणाऱ्या इतर साइटची, चौकटही सुरुवातीला काढलेली बरी. गुगलवरच्या शोधांचा अंदाज आला की मग ती उघडून पाहता येईल.

त्याहून घातक सेटिंग आहे ते ठिकाणाचं. तुम्ही एक शहर निवडता आणि निश्चिंत होता. पण मूळ पर्यायात त्या शहरात असलेल्यांबरोबर ‘त्या शहरात रस दाखवणारे’ लोकही धरलेले असतात. शेकडो मैलांवर बसून त्या शहराबद्दल काही शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. घरी जाऊन काम करणाऱ्या व्यवसायानं फक्त त्या भागात असलेल्यांना जाहिरात दाखवणारा पर्याय निवडावा, आणि भागही तेवढाच घ्यावा जिथे आपण वेळेत पोचतो.

वेळापत्रक सोपं आहे: फोन उचलायला कुणी नसेल तेव्हा जाहिरात बंद.

मग ‘शिफारसी’. खात्यात टक्क्यांत एक ऑप्टिमायझेशन स्कोअर दिसतो आणि तो वाढवायला बजेट वाढवा, ब्रॉड मॅच घ्या, अशा सूचना येत राहतात. काही सूचना खरंच उपयोगी असतात, जसं की पान उघडतच नाही हे सांगणारी. पण हा स्कोअर म्हणजे तुमचा नफा नव्हे. शिफारस नाकारली तरीही तो वाढतो, यावरूनच त्याचं वजन ओळखा. शिफारसी आपोआप लागू करण्याची सोय चालू असेल तर ती बंद ठेवा. तुमच्या खात्यात काय बदललं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

एका क्लिकला किती द्यायचे

हा हिशेब कागदावर करण्याआधी कॅम्पेन सुरूच करू नका. चलन कुठलंही धरा. समजा एका कामातून सगळा खर्च वजा जाता 1000 उरतात, आणि त्यातले 300 गिऱ्हाईक मिळवण्यावर घालवायची तुमची तयारी आहे. फोन करणाऱ्या दोघांपैकी एक काम देतो. पानावर आलेल्या दहांपैकी एक फोन करतो. म्हणजे एका कामासाठी 20 क्लिक. 300 भागिले 20, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त 15.

आता गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये तो शब्द बघा. तिथला अंदाज 12 चा असेल तर पुढे जा. 40 चा असेल तर तो शब्द आज तुमच्यासाठी नाही. एक तर अधिक नेमका आणि स्वस्त शब्द शोधा, किंवा दहातला एक फोन करतो त्याचे दोन कसे होतील ते बघा. तसं झालं तर 20 ऐवजी 10 क्लिक पुरतात आणि तुमची मर्यादा 15 वरून 30 वर जाते. पान सुधारणं हा बोली वाढवण्याचाच एक मार्ग आहे, आणि त्याला क्लिकमागे काही मोजावं लागत नाही. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणारं असेल तर 1000 च्या जागी वर्षभराचा आकडा धरायलाही हरकत नाही, फक्त तो मनाला बरा वाटणारा नको, जुन्या वहीतून काढलेला हवा.

याच हिशेबातून धीर किती धरायचा तेही कळतं. सरासरी 20 क्लिकला एक काम असेल, तर पहिल्या 20 क्लिकमध्ये एकही काम न मिळण्याची शक्यता साधारण 36 टक्के असते. म्हणजे हे अगदी सहज घडतं. तेवढ्यावरून कॅम्पेन बंद करणं चूक. पण 60 क्लिक झाले आणि एकही काम नाही, असं केवळ योगायोगानं होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. तिथे थांबा आणि चूक शोधा. अनेकजण 15 क्लिकनंतर घाबरतात, शब्द बदलतात, पुन्हा 15 नंतर बोली बदलतात, आणि महिनाअखेर त्यांच्याजवळ कुठल्याच गोष्टीचा पुरेसा अनुभव नसतो.

त्यामुळे बजेट लहान असेल तर ते विभागू नका. पाच सेवांसाठी पाच कॅम्पेन काढण्यापेक्षा जी सेवा सर्वाधिक नफा देते तिचं एकच चालवा. तिचं गणित जमलं की दुसरी घ्या.

रोजचं बजेट ठरवताना एवढं माहीत असू द्या की एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा खर्च मात्र रोजच्या बजेटच्या 30.4 पटीच्या पुढे जात नाही. म्हणून आधी महिन्याचा आकडा ठरवा आणि त्याला 30.4 नं भागा.

जे मोजाल ते मिळेल

क्लिकनंतर घडायला हवी ती गोष्ट, म्हणजे फोन, फॉर्म किंवा ऑर्डर, हिला कन्व्हर्जन म्हणतात. ते मोजायची व्यवस्था न लावता जाहिरात चालवणं म्हणजे गल्ला न ठेवता दुकान चालवणं.

मोजमापात दोन चुका फार होतात. पहिली, सोप्या गोष्टीला कन्व्हर्जन म्हणणं: कुणी ‘संपर्क’ पान उघडलं की झालं एक. दुसरी, एकच गोष्ट दोनदा मोजणं: फॉर्म भरल्यावर एक आणि आभाराचं पान उघडल्यावर दुसरं. एखाद्यानं तोच फॉर्म तीनदा पाठवला तर ते तीन नव्हेत, एकच. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ असे दोन पर्याय असतात. चौकशीसाठी ‘एक’ घ्या, ऑनलाइन विक्रीसाठी ‘प्रत्येक’. फोन मोजताना किमान किती सेकंद बोलणं झालं तर धरायचं हे ठरवता येतं. कस्टमर केअर शोधणाऱ्यांचे दहा-वीस सेकंदांत संपणारे फोन तिथेच गळून जातात. दोन मिनिटं बोलून फोन ठेवणारे मात्र सर्च टर्म्स वाचूनच सापडतील.

हे इतकं बारकाईनं सांगतोय कारण बोली लावायचं काम आता बहुतेक वेळा यंत्राकडे दिलं जातं. ‘जास्तीत जास्त कन्व्हर्जन’ किंवा ‘एका कन्व्हर्जनला अमुक खर्च’ असं ध्येय दिलं की प्रत्येक लिलावात किती बोली लावायची ते गुगल ठरवतं. ही यंत्रणा कामाची आहे, ती माणसाला न दिसणारे कितीतरी संकेत वाचते. पण तुम्ही ज्याला यश म्हणाल तेच ती शोधत जाते. फुटकळ फोनला यश म्हटलंत तर अधिकाधिक फुटकळ फोन आणून देईल, आणि आकडे पाहून तुम्ही खूश व्हाल.

माझा क्रम असा असतो. आधी हातानं बोली, किंवा ‘जास्तीत जास्त क्लिक’ हा पर्याय घेऊन त्यावर वर काढलेली कमाल मर्यादा, आपल्या उदाहरणात 15. मोजमाप स्वच्छ आहे याची खात्री झाली आणि दर आठवड्याला काही खरी कन्व्हर्जन येऊ लागली की मग यंत्राकडे सूत्रं द्यायची. ब्रॉड मॅच उघडायचा विचार त्याच्याही नंतर. प्रत्येक बदलानंतर किमान दोन आठवडे हात आवरायचा.

आणि एक वही. फोन करणाऱ्याला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ विचारायचं आणि तारीख, काम मिळालं की नाही, रक्कम किती, एवढं लिहून ठेवायचं. खात्यातली 12 कन्व्हर्जन आणि वहीतली 4 कामं शेजारी ठेवली की जे दिसतं ते कुठलाही डॅशबोर्ड सांगत नाही.

जाहिरातीनं नको त्याला परतही पाठवावं

सध्याच्या सर्च जाहिरातीत 30 अक्षरांपर्यंतची 15 शीर्षकं आणि 90 अक्षरांपर्यंतची 4 वर्णनं देता येतात. त्यातली एका वेळी जास्तीत जास्त तीन शीर्षकं आणि दोन वर्णनं गुगल आपल्या मनानं जोडून दाखवतं. म्हणून प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी अर्थपूर्ण हवी, आणि कुठल्याही दोन शेजारी आल्या तरी तेच ते वाटता कामा नये. एखादी गोष्ट दिसलीच पाहिजे असेल, तर ती पहिल्या जागी पिन करता येते. पिन मोजकेच वापरा.

लिहायचं काय? ‘विश्वासार्ह सेवा’, ‘सर्वोत्तम दर्जा’ हे सगळेच लिहितात, त्यामुळे त्यावर कुणाची नजर थांबत नाही. आजच येणार का, किती वेळात, कोणत्या प्रकारचे प्रिंटर, तपासणीचे पैसे लागतात का, कामाची हमी किती दिवस, हे लिहा. इथे प्रत्येक क्लिकचे पैसे आहेत. त्यामुळे जाहिरातीनं योग्य माणसाला बोलवावं तितकंच अयोग्य माणसाला थांबवावंही. तुम्ही फक्त ऑफिसांची कामं घेत असाल तर ‘फक्त ऑफिस आणि संस्थांसाठी’ हे शीर्षकातच लिहा. सुरुवातीची किंमत लिहिली तर स्वस्ताच्या शोधात असलेले आपोआप गळतात. क्लिक कमी होतील, आणि ते चांगलंच आहे.

साइटलिंक (तुमच्या साइटवरच्या इतर पानांचे दुवे), फोन नंबर, पत्ता अशा जोडण्या, ज्यांना आता अ‍ॅसेट म्हणतात, जोडायला वेगळे पैसे लागत नाहीत. त्यावरच्या क्लिकला नेहमीसारखेच लागतात. सगळ्या भरा.

क्लिकनंतर मुख्य पान उघडू देऊ नका. ‘लेसर प्रिंटर दुरुस्ती’ शोधणाऱ्याला तेच शब्द वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पान दिसायला हवं. पहिल्याच पडद्यावर दाबता येणारा फोन नंबर, कोणत्या भागात सेवा देता, कधी येता. नेटवर्क कमकुवत असेल अशा जागी उभं राहून आपलं पान मोबाइलवर उघडून बघा. ज्याचा प्रिंटर बंद पडलाय त्याच्याइतका वेळ तुम्हाला वाट बघवते का?

राहिलेल्या काही गोष्टी

आपली जाहिरात दिसते का हे बघायला स्वतःच पुन्हा पुन्हा शोधू नका. क्लिक केलात तर पैसे जातात, आणि क्लिक न करता नुसतीच पाहिलीत तर ‘दिसली पण कुणी दाबली नाही’ अशी नोंद वाढते. खात्यातच जाहिरात तपासायचं साधन आहे, ते वापरा. प्रतिस्पर्धी मुद्दाम क्लिक करून पैसे घालवतील ही भीती बहुतेकांना असते. असे अवैध क्लिक गुगल बरेचसे स्वतःच गाळतं आणि नंतर सापडले तर पैसे खात्यात जमा करतं. माझ्या मते पैसे तिथे फारसे गळत नाहीत. ते ‘प्रिंटर ड्रायव्हर डाउनलोड’वर गळतात.

इंप्रेशन शेअरचा रकाना जोडून घ्या. जिथे दिसणं शक्य होतं त्यातल्या किती वेळा तुम्ही दिसलात ते त्यात कळतं, आणि हुकलात ते बजेटअभावी की रँकअभावी हेही. बजेटअभावी हुकत असाल आणि प्रत्येक काम नफ्यात पडत असेल, तर पैसे वाढवायला हे चांगलं कारण आहे. नफ्यात पडत नसेल तर आधी भाग किंवा शब्द कमी करा. रँकअभावी हुकत असाल तर जाहिरात आणि पान पुन्हा वाचा.

तुमची वस्तू इतकी नवी असेल की लोकांना तिचं नावच माहीत नाही, तर सर्च जाहिरात तुमच्या फारशी उपयोगाची नाही. जे कुणी शोधतच नाही त्याचा लिलाव होत नाही. आधी दुसऱ्या वाटेनं ओळख करून द्यावी लागेल.

हे सगळं करायला वेळ नसेल आणि काम एजन्सीला द्यायचं असेल तर जरूर द्या, पण खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावानं उघडा आणि त्यांना त्यात प्रवेश द्या. पहिल्या जागेची हमी देणाऱ्याला काम देऊ नका. प्रत्येक शोधाला नवा लिलाव होतो, ती हमी कुणीच देऊ शकत नाही. महिन्याच्या बैठकीत रंगीत आलेख बाजूला ठेवून दोन गोष्टी मागा: सर्च टर्म्सची यादी, खर्चाच्या उतरत्या क्रमानं, आणि खात्यातला बदलांचा इतिहास. महिनाभर कुणी काही पाहिलंच नसेल तर ते त्या इतिहासात तारखांसकट दिसतं. आणि उद्या एजन्सी बदलली, तरी कुठले शब्द गिऱ्हाईक देतात आणि कुठले नुसतेच पैसे खातात याची जमवलेली माहिती तुमच्याच खात्यात राहते.